दिगंबरच्या रायफलीतला दोष

दिगंबरचा मला मत्सर वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "बंदुका दुरुस्त करण्याच्या धंद्यातले तुमचे अनुभव लिहा, असं कुणी लिहीत नाही." मी लिहायला बसलो, तर पहिल्याच ओळीत दिगंबर आला. कागद फाडला, नवीन घेतला, तरी तो पुन्हा आलाच. बायको डाळ निवडत होती. ती म्हणाली, "येऊ द्या की त्यान्ला. जेवताना येतेत, झोपताना येतेत, आन लिवतानाच का नगं?"

तर दिगंबरसकटच लिहितो.

माझं सोलापुरात परवानाधारक शस्त्रदुरुस्तीचं दुकान आहे. वडील मागावर जॉबर होते, म्हणजे यंत्रमाग बिघडला की तो बसवून देणारे. आमच्या पद्मशाली घरातली सगळी मुलं मागावरच गेली, मी तेवढा बंदुकीकडे वळलो. लोकांना वाटतं, माझ्याकडे सिनेमातल्यासारखी मिशीवाली माणसं येत असतील. प्रत्यक्षात येतात ते बँकेचे रखवालदार, रानडुकरांपासून ऊस वाचवणारे शेतकरी आणि आजोबांची बंदूक परवान्यासाठी नुसती जपून ठेवणारे नातू. अक्कलकोटकडच्या एका म्हाताऱ्या मालकांची दुनळी बंदूक दर हिवाळ्यात आखडायची. उघडली तर आत पिवळा डिंक, आणि वास थेट आमच्या स्वयंपाकघरातला. मालक अभिमानानं म्हणाले, "बाजारचं तेल आमी घालतच न्हाय. घाण्याचं शेंगतेल घालतो. शुद्ध हाय." मी म्हटलं, मालक, हे तेल लोखंडात गोठतं. ते म्हणाले, "माणसाला चालतंय, आन बंदुकीला काय धाड भरली?"  मी दर वर्षी ती बंदूक रॉकेलनं धुऊन देत असे.

अलीकडे मात्र खरं काम येतं ते नेमबाजांचं. खेळाडू मुलं-मुली, त्यांच्या रायफली, आणि त्यांचे माझ्याहून जास्त घाबरलेले आई-बाप. इथे बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

रायफल चांगली की वाईट हे गोळी मध्यभागी लागते का यावरून ठरत नाही. गोळ्या एका बाजूला जात असतील तर नेम धरायच्या साइटचा स्क्रू फिरवायचा, त्या मध्यभागी येतात. त्याला मिस्त्री लागत नाही. रोग असतो तो विखुरण्याचा. एकाच हातानं, एकाच श्वासात, एकाच पाकिटातल्या गोळ्या झाडल्या आणि त्या एका भोकातून जायच्या ऐवजी भाकरीवर तीळ पसरावेत तशा पसरल्या, की समजायचं रायफल आजारी आहे. मग शोधाशोध सुरू होते. गोळ्यांचा लॉट बदलून बघायचा. साइट हलते का बघायची. नळीच्या तोंडाला ओरखडा आहे का, ते भिंगातून बघायचं, कारण गोळीला शेवटचा स्पर्श त्या कडेचा होतो. दस्त्याचे स्क्रू सारखे आवळलेत का बघायचं. आणि सगळ्यात शेवटी बघायची ती बैठक.

बैठक म्हणजे लोखंड लाकडात बसतं ती जागा. दस्ता लाकडाचा, त्यात रायफलीचं यंत्र, म्हणजे गोळी भरायचा-उडवायचा भाग, बसवायचं. ते पाळण्यात बाळ निजवल्यासारखं बसलं पाहिजे, कुठे दाब नाही, कुठे पोकळी नाही. आणि यंत्रापुढची लांब नळी मात्र लाकडाला कुठेच टेकता कामा नये. ती अधांतरी हवी. गोळी सुटताना नळी थरथरते, आणि दर वेळी तशीच थरथरली तरच गोळी दर वेळी तिथेच जाते. लाकूड एका जागी जरी टेकलं तरी थरथर बिघडते. म्हणून नळी आणि दस्ता यांच्यात बाजूंना कागद जाईल एवढी आणि खाली पन्हळात त्याहून जास्त फट ठेवायची आणि कागदाची पट्टी पुढून मागपर्यंत सरकवून बघायची. अडकली नाही तर पास.

ही बैठक करायला आम्हाला उस्तादांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली हा धंदा शिकलो त्यांनी, शिकवलं. आम्हाला म्हणजे मला आणि दिगंबरला. तो बार्शीचा, त्याच्या मामाकडे इथे राहायचा. उस्तादांची परीक्षा एकच होती. लोखंडाचा तुकडा दिव्याच्या काजळीवर धरून काळा करायचा, लाकडात कोरलेल्या खाचेत बसवायचा आणि काढायचा. लाकडावर जिथे काळं लागलं तिथे उंचवटा आहे. तेवढंच पटाशीनं खरवडायचं, पुन्हा काजळी, पुन्हा बसवायचं. सगळ्या खाचेत सारखा काळा रंग उमटला की झालं. उस्ताद म्हणायचे, "नल्ली कू क्या पूछता रे, लकडी कू पूछ."

मी माझा तुकडा दाखवला. उस्तादांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "हौ, अच्छा है." माझी छाती फुगली. मग दिगंबरनं त्याचा दाखवला.  उस्तादांनी तो उलटा केला, खिडकीकडे नेला, चष्मा पुसून परत पाहिला. माझा तुकडा त्यांनी माझ्या हातात परत दिला होता. दिगंबरचा त्यांनी फळीवर ठेवून घेतला. उस्ताद वारेपर्यंत तो तिथेच होता.

त्या दिवशी जे पोटात दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

पुढे दिगंबर बार्शीला गेला. त्यानं वर्कशॉप टाकलं, मग कॉम्प्युटरवर चालणारं यंत्र आणलं. आता विजापूर, गुलबर्ग्याकडचे नेमबाज माझ्या दुकानावरून गाडी नेत बार्शीला जातात. गाडी उभी करून मलाच रस्ता विचारतात. तो गर्विष्ठ असता तर सोपं होतं, मी चारचौघांत त्याला शिव्या घातल्या असत्या. पण तो दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला मुद्दाम सोलापूरला येतो, माझ्या पाया पडतो, कारण मी त्याच्याहून थोडा मोठा. असल्या माणसाचं काय करायचं?

आता शिवलीलाची गोष्ट.

शिवलीला वळसंगची. वडील महादेवप्पा, शेती आणि मार्केट यार्डात आडत. मुलगी पन्नास मीटरवर झोपून नेम मारायची. क्लबची जुनी रायफल होती, तिचा दस्ता तडकलेला, मीच सांधलेला. त्याच रायफलीवर ती जिल्ह्यात पहिली आली, मग विभागात. पेपरात फोटो आला तेव्हा मी फोटोत तिच्याकडे नाही, माझ्या सांध्याकडे बघत होतो. दिसत होता. तेव्हा मला वाटलं, आता हिला स्वतःची रायफल घ्यायची वेळ आली, म्हणजे महादेवप्पा माझ्याकडेच येणार.

महादेवप्पांनी परदेशी नळी आणि यंत्र मागवलं आणि मुलीच्या मापाचा दस्ता करायला दिला दिगंबरकडे. वळसंगहून बार्शीला जाताना सोलापूर मध्येच लागतं. त्यांनी माझ्या दुकानासमोर गाडी थांबवून चहा घेतला. खोकं उघडून मला नळी दाखवली. "कशी हाय मिस्त्री?" मी म्हटलं, झकास आहे. चहा कडू लागला.

नवी रायफल आली आणि काही महिन्यांत बातमी आली, शिवलीला सामन्यात पडली. मग पुन्हा पडली. सरावात नेम बसायचा, सामन्यात गोळ्या उधळायच्या. कोच म्हणाले, मनाचा खेळ आहे, पोरगी दडपण घेते. महादेवप्पांचा त्यावर विश्वास बसेना. जुन्या रायफलीवर हीच पोरगी हसत हसत सामने मारत होती, तेव्हा दडपण कुठे होतं? राज्याच्या संघाची निवड चाचणी तोंडावर आली होती. एके सकाळी बापलेक माझ्या दुकानात आले आणि महादेवप्पांनी रायफलीची पेटी काउंटरवर ठेवली.

"मिस्त्री, हिच्यातला दोष काडून द्या. त्या बार्शीवाल्याला मी नंतर बगतो."

एवढं गोड वाक्य मी फार वर्षांत ऐकलं नव्हतं.

शिवलीला मागे उभी होती. हडकुळी, उंच, बोटांना शाई लागलेली, ती बी.एड. करत होती. ती म्हणाली, "काका, रायफल चांगली हाय. मीच खराब झाले. या चाचणीत न्हाय जमलं तर मी सोडणार हाय." ती हे रडून बोलली असती तर मला काही वाटलं नसतं. ती भाजीचा भाव सांगावा तसं बोलली.

मी रायफल ठेवून घेतली आणि शटर अर्धं ओढून कामाला बसलो. डॉक्टर रोगी तपासतो तसा मी ती तपासली नाही, पोलीस झडती घेतो तशी घेतली. नळीचं तोंड भिंगाखाली धरलं. स्वच्छ. साइट ओढून पाहिली. घट्ट. कागदाची पट्टी फटीतून सरकवली, ती पुढून शेवटपर्यंत पाण्यासारखी गेली. मग दस्ता उतरवला आणि बैठक उघडी केली.

मी किती वेळ बघत बसलो सांगता येत नाही. कॉम्प्युटरच्या यंत्रानं कोरलं असेल म्हणून मी राठ कडा शोधत होतो. पण यंत्राच्या खुणांवर शेवटचा हात पटाशीचाच होता आणि त्यानं काजळी लावूनच बैठक जुळवली होती. लाकडाच्या रंध्रांत ती बारीक राहिली होती. एवढं मोठं यंत्र घेऊनही हा माणूस अजून दिवा लावतो. मला बैठकीत बोट फिरवायची इच्छा झाली आणि मी फिरवलं नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला ती रायफल फोडावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी क्लबच्या रेंजवर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून मी ती स्वतः चालवली. गोळ्या एकाच भोकातून गेल्या. भोक जरासं मोठं झालं, इतकंच. कोच मागे उभे होते. म्हणाले, "बघा, मी सांगितलं नव्हतं?"

मी महादेवप्पांना फोन केला. "मालक, रायफलीत मला काही सापडलं नाही." दिगंबरच्या बाजूनं साक्ष द्यायची वेळ माझ्यावर आली होती.

"मंजे पोरगीच खोटी?" ते म्हणाले आणि फोन ठेवला. संध्याकाळी येऊन रायफल घरी घेऊन गेले.

त्या आठवड्यात चाचणीआधीचा सरावसामना आमच्याच रेंजवर होता. मी सहसा सामन्यांना जात नाही, तिथे माझं काम नसतं. पण त्या दिवशी सकाळी मी दुकान न उघडता तिकडे गेलो. बायकोनं विचारलं, कशाला? मी म्हटलं, पोरीची काळजी वाटते. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चप्पल उलटी घातली. मला काळजी नव्हती असं नाही. पण दिगंबरची रायफल पडताना मला डोळ्यांनी बघायची होती.

आणि ती पडली. शिवलीला आडवी झाली, श्वास सोडला, तिचा खांदा दगडासारखा स्थिर होता. मी दुर्बिणीतून बघत होतो. पहिली गोळी मध्ये. दुसरी वर. तिसरी अजून वर, मग एक डावीकडे. तिच्यात काही हललं नव्हतं. दडपण घेणारं माणूस ट्रिगरवर झटका देतं, पापणी मिटतं. ही पोरगी देवळातल्या समईसारखी जळत होती, आणि गोळ्या मात्र वाटेल तिथे जात होत्या.

म्हणजे दोष रायफलीत होता! सामना संपताच मी तिच्याकडून रायफल घेतली, बोल्ट काढून नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि खिशातली कागदाची पट्टी फटीत घातली. दुकानात पाण्यासारखी गेलेली पट्टी मध्यावर येऊन अडली. पुन्हा घातली, पुन्हा तिथेच अडली.

लाकूड फुगलंय. दिगंबरनं कच्चं लाकूड वापरलंय. दुकानातल्या कोरड्या सावलीत ते आक्रसलेलं असतं आणि उघड्यावर सकाळची दमट हवा लागली की फुगून नळीला टेकतं. माझ्या अंगातून अक्षरशः थंडगार सरबत गेल्यासारखं झालं. उस्तादांच्या फळीवरचा तुकडा माझ्या डोळ्यांसमोर आला आणि तो आता कुणीतरी खाली उतरवत होतं.

मला धीर धरता आला असता. दुकानात जाऊन दस्ता उतरवून मग बोललो असतो तर चाललं असतं. पण मी तिथेच, रेंजच्या लिंबाखाली उभं राहून दिगंबरला फोन लावला. महादेवप्पा आणि कोच ऐकत होते, त्यांनी ऐकावं म्हणूनच.

"दिगंबर, तुझं लाकूड फुगलंय."

पलीकडे यंत्राचा आवाज होता, तो बंद झाला. "कुठल्या रायफलीचं?"

"शिवलीलाच्या. नळीला टेकतंय. कच्चं होतं."

मला वाटलं, तो भांडेल. लाकूड किती वर्षं मुरवलं ते सांगेल. मग मी काय काय बोलायचं ते सगळं माझ्याकडे तयार होतं. दिगंबर म्हणाला, "नरसूदा, तू बघितलंयस, मंजे असंलच. मी निगतोच."

फोन बंद झाला. माझी तयारी तशीच राहिली.

आम्ही दुकानात आलो. मी, महादेवप्पा, शिवलीला. मी पेचकस घेतला, दोन्ही स्क्रू सोडले आणि दस्ता उचलला. नळीच्या खालच्या पन्हळातून काहीतरी सुटलं आणि माझ्या मांडीवर पडलं.

बोटाएवढी लांब, पातळ चपटी पुडी. कागदाची घडी, वरून प्लॅस्टिक, वर चिकटपट्टी.

मी ती उचलली. शिवलीलानं माझ्या हातातून घेतली आणि नाकाशी नेली.  "आईचं हाय हे. अंगारा."

महादेवप्पांनी कपाळावर हात मारून घेतला आणि तिथूनच बायकोला फोन लावला. अर्धं कानडीत, अर्धं मराठीत ते असं बोलले की समोरच्या हॉटेलातला पोऱ्या कप हातात धरून उभा राहिला. मी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला, आणि मग शिवलीलाच्या आईकडून, महानंदाबाईंकडून, नीट कळलं. महानंदाबाईंचं माहेर अक्कलकोटचं. पोरगी सामन्याला निघाली की त्या माहेरचा अंगारा बरोबर द्यायच्या. पूर्वी बॅगेत घालायच्या, ती तो विसरायची. जॅकेटच्या खिशात घातला तर धुण्यात जायचा. मग घरी नवी रायफल आली आणि त्यांना लाकडात अगदी पुडीएवढी फट दिसली. जणू त्यासाठीच ठेवलेली. सामन्याच्या सकाळी पोरगी आंघोळीला गेली की त्या खराट्याच्या हिरानं पुडी आत सारायच्या. परत आली की हळूच काढून देवापुढे ठेवायच्या. सरावाला नाही, दुकानात न्यायची तेव्हाही नाही, फक्त सामन्याला. क्लबची जुनी रायफल क्लबातच असायची, म्हणून तिच्यात कधी काही गेलं नव्हतं.

"अण्णा," त्या फोनवर म्हणाल्या, "मंजे पोरगी माज्यामुळं पडली व्हय?"

 मी म्हटलं, "अक्का, तुम्ही दुकानात या." वळसंगहून यायला त्यांना वेळ लागणार होता. आणि तेवढ्यात मला आठवलं की बार्शीहूनही कुणीतरी निघालेलं आहे.

मी दिगंबरला फोन लावला. गाडी चालवत असेल, उचलला नाही. पुन्हा लावला.  रेंजवर चार लोकांसमोर मी त्याचं लाकूड कच्चं म्हटलं होतं, आणि ते लाकूड माझ्या मांडीवर होतं, खडखडीत वाळलेलं, जिऱ्याएवढंही न हललेलं. दस्ता परत बसवून पट्टी पुन्हा घातली. ती सरसर गेली.

दिगंबर आला तेव्हा त्याच्या काखेत अक्रोडाची एक फळी होती. मोठी, जुनी, काळसर रेषांची. असलं लाकूड मी आयुष्यात दोनदाच पाहिलंय. त्यानं ती काउंटरवर ठेवली आणि महादेवप्पांसमोर हात जोडले. "मालक, चूक झाली. हे सगळ्यात मुरलेलं हाय माज्याकडं. चाचणीच्या आत नवा दस्ता करून देतो. नरसूदा हितं हाय, दोगं मिळून करू."

त्यानं न बघता मानलं होतं. एका फोनवर. त्याच्या जागी मी असतो तर आधी येऊन पट्टी घातली असती, मग भिंग, मग भांडण. मला हे सहन होईना.

"लाकूड ठीक आहे," मी म्हटलं.

"काय?"

"तुझं लाकूड ठीक आहे. मी न उघडता बोललो." आणि पुडी त्याच्या हातात दिली.

दिगंबरनं पुडीकडे पाहिलं, फटीकडे पाहिलं, मग तो खाली बसला आणि हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. शिवलीलाही हसली, तिला मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं. महादेवप्पा मात्र माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात काय होतं ते मला कळत होतं.

महानंदाबाई आल्या त्या डोक्यावरचा पदर घट्ट धरून, गुन्हेगारासारख्या. दारातच थांबल्या. महादेवप्पा म्हणाले, "हिला सांगा मिस्त्री, परत आसलं करायचं न्हाय म्हनावं." बाईंनी नुसती मान हलवली. शिवलीला म्हणाली, "आई, आता काय ठिऊ नगं. मी बघती माझं माझं." पोरगी प्रेमानंच बोलली, पण बाईंचा हात पदरावरून खाली आला. आता पोरगी जाणार आणि आपल्याला तिच्याबरोबर काही देता येणार नाही, एवढंच त्यांना ऐकू आलं असावं.

मी दस्ता उलटा केला. मागच्या टोकाला खांद्याशी टेकणारी पट्टी असते, तिच्यामागे नुसतं भरीव लाकूड. तिथे थरथर पोचत नाही, दाब नाही, काही नाही. मी म्हटलं, "अक्का, इथे जागा करून देतो. दोन स्क्रू काढले की पट्टी निघते. पुडी आत ठेवा आणि झाकून टाका. गोळीला कळणारसुद्धा नाही."

महादेवप्पा म्हणाले, "आवो पण हे यांनी केलेलं..."

सगळे दिगंबरकडे बघायला लागले. त्यानं बनवलेल्या दस्त्यात मी खड्डा पाडणार होतो. त्यानं दस्ता हातात घेतला, अंगठ्यानं मागची बाजू चाचपली आणि माझ्यापुढे धरला. "तूच कर. तुझी पटाशी मऊ चालती."

मी केलं. त्याच्यासमोर, त्याच्या लाकडात. खरं सांगायचं तर त्या तासाभरात मला जेवढा आनंद झाला तेवढा लग्नात झाला नव्हता. उस्तादांच्या फळीवर जे पोचलं नाही ते निदान दिगंबरच्या दस्त्यात गेलं. चौकोनी, पुडीच्या मापाची, गुळगुळीत खोबण. मी काजळीसुद्धा लावली, गरज नसताना. महानंदाबाईंनी स्वतः पुडी ठेवली आणि पट्टी बसवताना माझ्याकडून पेचकस मागून घेतला.

चाचणीत शिवलीलाची निवड झाली. निकालाचा फोन महादेवप्पांनी मला केला, पण पेपरात त्यांनी सांगितलं ते रायफल बार्शीची आहे एवढंच. साहजिक आहे. रायफल बार्शीचीच आहे. तिथून दिगंबरकडे एवढी कामं गेली की त्यानं दुसरं यंत्र घेतलं. मी सगळ्यांना खुशीनं रस्ता सांगतो असं लिहिलं तर बायको हा अंक घरात येऊ देणार नाही.

गेल्या महिन्यात विजापूरचा एक तरुण आला. साइटचा स्क्रू गेला होता, किरकोळ काम. रायफल नवी, बार्शीची. स्क्रू बसवून झाल्यावर तो म्हणाला, "काका, तुम्हाला एक गंमत दाखवतो. हे फक्त बार्शीचे दिगंबरमिस्त्रीच करतात, आता सगळ्या रायफलींत असतं." आणि त्यानं खांद्याची पट्टी काढली.

आत खोबण होती. चौकोनी, पुडीच्या मापाची. त्यात त्याच्या घरच्या देवाचा भंडारा होता.

"कुणाच्या डोक्यात आलं असेल हे?" तो म्हणाला.

मी दस्ता उजेडात धरला. सांगणारच होतो, माझंच नाव तोंडात आलं होतं. पण मी आधी आत बोट फिरवलं. कडा माझ्यापेक्षा साफ होत्या.